कोण जिंकलं?

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा टीव्हीवरचा वाद झाला, की दुसऱ्या दिवशी मामाचा मेसेज ठरलेला. दोनच शब्द. "कोण जिंकलं?" मामाने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे त्याला उत्तरही 'योग्य पर्याय निवडा' या पद्धतीने हवं असतं. २००८ पासून मी न्यू जर्सीत मत देते आहे. मामाला मी एकदाही सरळ उत्तर दिलेलं नाही आणि दर चार वर्षांनी तो न चुकता विचारतो. म्हणून या वेळी सगळं एकदाच लिहून काढते आहे. मामा, लांबलंय, चहा घेऊन बस.

पहिली अडचण म्हणजे या प्रकाराला मराठीत म्हणायचं काय? 'चर्चा' म्हणावं, तर दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं ऐकायला आलेलं नसतं. 'वादविवाद' म्हटलं, की मला शाळेतली फिरती ढाल, टेबलावरची घंटा आणि 'विज्ञान : शाप की वरदान' आठवतं. (मी 'शाप' बाजूने बोलले होते. बाजू चिठ्ठी टाकून मिळायची, पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नव्हता.) आपल्या जुन्या लोकांनी मात्र या वाटण्या आधीच करून ठेवल्या आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रांत तीन तऱ्हा सांगितल्यात. खरं काय ते शोधायला दोघं बोलतात तो वाद. जिंकायला बोलतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं, ती वितंडा. टीव्हीवर चालतो तो जल्प. अधूनमधून वितंडा. वाद म्हणावा असा प्रसंग माझ्या तरी पाहण्यात नाही. पण सवयीने सगळेच 'वाद' म्हणतात, मीही तेच म्हणते.

पहिला वाद १९६० चा. त्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. २६ सप्टेंबर, शिकागो, एका बाजूला ४३ वर्षांचे केनेडी, दुसऱ्या बाजूला ४७ वर्षांचे निक्सन. निक्सन यांचा गुडघा ऑगस्टमध्ये गाडीच्या दारावर आपटला होता, त्यात जंतुसंसर्ग होऊन ते जवळजवळ दोन आठवडे इस्पितळात होते. वजन उतरलेलं, शर्टाची कॉलर सैल झालेली. त्यातून पन्नासही राज्यांत प्रचाराला जाण्याची प्रतिज्ञा करून बसलेले. फिका सूट मागच्या फिक्या भिंतीत मिसळून गेला, दाढीच्या निळसर छटेवर लावलेली पावडर घामाने पसरली. केनेडी गडद सुटात, उन्हात रापलेले, ताजेतवाने. ज्यांनी टीव्हीवर पाहिलं त्यांना केनेडी जिंकले वाटलं आणि ज्यांनी रेडिओवर ऐकलं त्यांना निक्सन. तात्पर्य, चेहरा जिंकला, मुद्दे हरले.

गोष्ट गोळीबंद आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो. रेडिओवाल्यांची ही बातमी एकाच सर्वेक्षण कंपनीची. तिने विचारलेल्या लोकांत रेडिओ ऐकणारे तीनशेही नव्हते. ते मुळात कोणत्या पक्षाचे होते, हेही धड पाहिलेलं नव्हतं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या दहा घरांपैकी जवळजवळ नऊ घरांत टीव्ही आलेला होता. म्हणजे रेडिओ ऐकत बसलेले लोक कोण, तर बरेचसे खेड्यापाड्यांतले, आणि ते आधीपासून निक्सनच्या बाजूचे असण्याचा संभव दांडगा. १९८७ मध्ये दोन अभ्यासकांनी या दंतकथेची चांगली झाडाझडती घेतली. दुसरी बाजूही सांगायला हवी. २००३ मध्ये जेम्स ड्रकमन या प्राध्यापकाने तोच वाद काहींना दाखवला, काहींना नुसता ऐकवला, आणि पाहणाऱ्यांत केनेडींना विजयी ठरवणारे खरंच जास्त निघाले. तेव्हा चेहऱ्याचा परिणाम होतो हे खरं. 'रेडिओवर निक्सन जिंकले' हे मात्र पायाशिवाय उभं केलेलं घर आहे.

हा कार्यक्रम आज सबंध बघायला मिळतो. मी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, भाजी निवडत. माझं मत सांगते. निक्सन यांचं नुकसान घामाइतकंच त्यांच्या पहिल्या काही वाक्यांनी केलं. केनेडी आठ मिनिटं 'देश थांबलाय, हलवला पाहिजे' असं बोलून बसले आणि निक्सन यांनी उठून सांगितलं, की या बोलण्यामागच्या भावनेशी मी पूर्ण सहमत आहे! मग ते मुद्देसूद उत्तरं देत गेले, हुशार मुलगा मास्तरांना देतो तशी. पाठमोरं बसूनही हे ऐकू येतं. आणि टीव्हीशी त्यांचं वाकडं होतं म्हणावं तर तसंही नाही. १९५२ मध्ये निधीच्या भानगडीत उमेदवारी जायची वेळ आली, तेव्हा टीव्हीवरच्या एका भाषणानेच त्यांना तारलं होतं.

खरी गंमत चौथ्या वादात आहे, आणि तिची आठवण कुणी काढत नाही. तारीख २१ ऑक्टोबर १९६०, विषय परराष्ट्र धोरण. आदल्याच दिवशी केनेडींच्या प्रचारकचेरीने निवेदन काढलं होतं, की कॅस्ट्रोविरुद्ध लढू पाहणाऱ्या क्यूबन निर्वासितांना अमेरिकेने बळ द्यावं. वादात निक्सन त्यावर तुटून पडले. हे भयंकर बेजबाबदार आहे, यात आपण केलेले करार मोडतील, लॅटिन अमेरिकेतले मित्र तुटतील, संयुक्त राष्ट्रांत नाचक्की होईल, ख्रुश्चेव्हला आयतं आमंत्रण मिळेल, असं त्यांनी सांगितलं.

आणि वस्तुस्थिती काय होती? नेमकी तीच योजना आयझेनहॉवर यांनी १७ मार्च १९६० ला मंजूर केली होती, आणि सरकारात तिचे मोठे पुरस्कर्ते होते खुद्द उपाध्यक्ष निक्सन! सी.आय.ए. निर्वासितांना शिकवून तयार करत होती. ते गुपित उघडं पडू नये म्हणून आपण स्वतःच्या मताविरुद्ध बोललो, असं निक्सन यांनी १९६२ च्या पुस्तकात लिहिलं. केनेडींना या योजनेची माहिती आधीच दिली गेली होती, असाही आरोप केला. तो केनेडींच्या माणसांनी आणि सी.आय.ए. चे प्रमुख राहिलेल्या ॲलन डलेस यांनी नाकारला. पुढे १७ एप्रिल १९६१ ला, केनेडी गादीवर बसून तीन महिने होत नाहीत तोच, सुमारे १,४०० निर्वासित 'बे ऑफ पिग्ज'ला उतरले आणि तीन दिवसांत सगळा बोऱ्या वाजला. नाचक्की झाली ती बरीचशी निक्सन यांनी न पटता सांगितलेल्या पद्धतीनेच.

मी त्या वर्षीची मतदार आहे अशी कल्पना करते. दुसऱ्या दिवशी पेपरात छापलेला सबंध वाद मी पेन्सिल घेऊन वाचला असता. (माझा स्वभाव बघता वाचलाच असता.) आणि माझ्या हाती काय लागलं असतं? क्यूबाच्या बाबतीत निक्सन सबुरीचे आणि केनेडी उतावळे, असं छापील, पुराव्यानिशी, आणि पार उलटं चित्र. टीव्हीवर चेहरा फसवतो म्हणून कागद वाचावा, असं आपण शहाणी माणसं सांगतो. कागदावरचे शब्द माणसाला पटलेले नसतील, तर कागद तरी काय करणार? ती निवडणूक केनेडींनी सुमारे १,१३,००० मतांनी जिंकली, पावणेसात कोटींहून जास्त मतांत. एवढ्याशा फरकात कुठल्याही कारणाला 'यानेच जिंकवलं' म्हणता येतं. घामालाही.

त्यानंतर सोळा वर्षं वाद झालाच नाही. एका उमेदवाराला वेळ दिला तर त्या पदाच्या बाकी सगळ्या उमेदवारांनाही सारखाच वेळ द्यायचा, असा प्रसारणाचा कायदा होता. १९६० पुरता संसदेने तो बाजूला ठेवला होता. खरं कारण अर्थात पुढे असलेल्या उमेदवाराला वाद नको असतो, हे. १९६४ मध्ये जॉन्सन यांना नको होता. १९६८ आणि १९७२ मध्ये निक्सन यांना नको होता, आणि त्यांनी दोन्ही निवडणुका मारल्या. १९७५ मध्ये नियमातून वाट काढण्यात आली: तिसऱ्याच कुणी स्टुडिओबाहेर सभा भरवली आणि टीव्हीवाले फक्त 'बातमी' म्हणून ती दाखवायला गेले, तर चालेल. मग 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' या बायकांच्या संस्थेने १९७६ मध्ये सभा भरवल्या. फिलाडेल्फियातल्या पहिल्याच वादात आवाज गेला. सत्तावीस मिनिटं! राष्ट्राध्यक्ष फोर्ड आणि जिमी कार्टर आपापल्या जागी, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, कोट्यवधी लोकांसमोर. शेजारच्या फ्लॅटमधल्या दोन माणसांची लिफ्ट अडकावी तसं. एकाने जरी "काय उकडतंय नाही?" म्हटलं असतं, तरी माझं मत त्याला मिळालं असतं.

मामाच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र त्यांच्या दुसऱ्या वादात आहे. ६ ऑक्टोबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मॅक्स फ्रँकेल यांनी सोव्हिएत संघाबद्दल प्रश्न विचारला. फोर्ड यांनी आदल्या वर्षीच्या हेलसिंकी कराराचं समर्थन करता करता सांगून टाकलं, की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, आणि माझ्या कारकिर्दीत ते कधी नसेल. फ्रँकेल यांनी बिचाऱ्यांनी सावरायची संधी दिली, तुम्हाला असं म्हणायचंय का, म्हणून पुन्हा विचारलं. फोर्ड यांनी पोलंड, रुमानिया, युगोस्लाव्हिया अशी नावं घेऊन तेच ठाशीव केलं. पोलंडमध्ये तेव्हा सोव्हिएत फौजा तळ ठोकून होत्या.

आता पुढचं नीट वाच मामा. फोर्ड यांच्याच प्रचाराचे जनमत तपासनीस रॉबर्ट टीटर यांनी त्या रात्री, वाद संपल्या संपल्या, लोकांना फोन केले. लोकांच्या मते फोर्ड किंचित पुढे होते! पूर्व युरोपाचा मुद्दा जवळजवळ कुणी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे पेपर आले, संध्याकाळच्या बातम्या झाल्या, सगळीकडे तेच एक वाक्य वाजलं, आणि त्या संध्याकाळपर्यंत प्रचंड बहुमताने कार्टर जिंकलेले होते. वाद तोच, कार्यक्रम पुन्हा दाखवला गेला नव्हता, बोललेला एक शब्द बदललेला नव्हता. फक्त मधे एक दिवस गेला होता. फोर्ड यांनीही आपलं चुकलं म्हणायला जवळजवळ आठवडा लावला, तेवढे दिवस ती बातमी रोज ताजी राहिली. निवडणूक कार्टर यांनी दोन टक्क्यांनी जिंकली.

मी यावर बराच विचार केला आहे. त्या रात्रीचे लोक अडाणी होते आणि सकाळी शहाणे झाले, असं म्हणता येईल. फोर्ड यांचं विधान खरंच चुकीचं होतं आणि पत्रकारांनी ते दाखवून दिलं, हे त्यांचं कामच होतं. पण दुसऱ्या दिवशी फोनवर 'कार्टर जिंकले' म्हणणारा माणूस स्वतः काय पाहिलं ते सांगत होता, की इतरांना काय वाटलं असेल ते? मला हे दुसरं जास्त भीतीदायक वाटतं. चेहऱ्याला भुललं तर निदान डोळे आपले असतात.

म्हणून माझा एक रिवाज आहे. घरचे हसतात, हसोत. वाद संपला, की समालोचक खुर्च्या सरसावायच्या आत मी टीव्ही बंद करते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि वाणसामानाच्या यादीच्या वहीत चार-पाच ओळी लिहिते. काय विचारलं होतं आणि काय उत्तर मिळालं. काय विचारूनही मिळालं नाही. कुणाबरोबर काम करायला आवडणार नाही. मग झोपते. कोण जिंकलं हे लिहीत नाही, कारण तो प्रश्न माझा नाहीच; मला नेमणूक करायची आहे, ढाल द्यायची नाही. २०१२ च्या डेन्व्हरच्या वादानंतर ओबामांबद्दल मी लिहिलंय, 'मान खाली घालून टिपणं काढत होते, परीक्षेला उशिरा आलेल्यासारखे'. सकाळी पेपर उघडले तर रॉम्नी यांनी चारी मुंड्या चीत केल्याचं वाचलं. वहीत 'चारी मुंड्या' नव्हत्या.

आणि मग २७ जून २०२४ आला. ॲटलांटा, सी.एन.एन. चा स्टुडिओ. इतक्या लवकर असा वाद कधीच झाला नव्हता. दोघांची उमेदवारी अजून पक्षांनी रीतसर जाहीरही केली नव्हती. दोन्ही पक्षांनी मिळून १९८७ मध्ये स्थापलेली वादांची समिती या वेळी उमेदवारांनीच बाजूला सारली होती. समोर प्रेक्षक नाहीत, एक बोलताना दुसऱ्याचा माईक बंद. बायडेन ८१, ट्रम्प ७८. सुरुवातीच्याच एका उत्तरात बायडेन यांचं वाक्य मधेच भरकटलं, त्यांनी काही क्षण चाचपडून 'शेवटी आपण मेडिकेअरला हरवलं' असं काहीतरी म्हटलं, आणि वेळ संपली. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा सरकारी आरोग्यविमा, त्यांच्या पक्षाची लाडकी योजना. आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या, त्यांना इंग्रजी बेताचंच कळतं. त्यांनी फक्त विचारलं, "यांना बरं नाहीये का?"

न्यायसूत्रांत पराभवाच्या जागाही मोजून दिल्या आहेत, निग्रहस्थानं, एकूण बावीस. त्यात घाम येणं नाही, फिका सूट नाही. पण 'अप्रतिभा' आहे, म्हणजे आयत्या वेळी उत्तर न सुचणं. आणि 'अर्थांतर'ही आहे, विचारलेलं सोडून भलतंच बोलणं. त्या रात्री एकाकडे पहिलं होतं, दुसऱ्याकडे दुसरं, भरपूर. दुसऱ्या दिवशी मी छापील वाद वाचला. ट्रम्प यांची धडधडीत खोटी विधानं कागदावर रांगेने उभी होती, कुणीही मोजावी. पण बायडेन यांचं थकलेपण कागदावर अर्धंच उतरलं होतं. ते उघड्या तोंडाने ऐकत राहणं, तो घोगरा आवाज, ते मधलं चाचपडणं छापता येत नाही. ते पाहावंच लागतं. आणि ते मतदाराला कळायला हवं होतं. चार वर्षांचं काम होतं. व्हाइट हाऊसमधून बरेच दिवस 'सगळं ठीक आहे' असं सांगितलं जात होतं, आणि त्या नव्वद मिनिटांनी जे दाखवलं ते दुसरं कुणी दाखवलं नव्हतं.

इथे १९७६ च्या उलट झालं. वहीत माझ्या चारच शब्द आहेत: 'यांना हे झेपणार नाही.' सकाळी पेपरांनीही तेच म्हटलं, सासूबाईंनी ते आधीच म्हटलेलं होतं. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. वादामुळे असं त्या आधी कधीच घडलेलं नव्हतं. मी त्या दिवशी बराच वेळ अस्वस्थ होते. एका रात्रीच्या कार्यक्रमाने माणूस बाजूला व्हावा हे मला आवडत नाही, आणि तरी त्या रात्री मी जे पाहिलं ते खोटं होतं असंही म्हणवत नाही. दोन्ही एकदम वाटतं. त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

सप्टेंबरमधला हॅरिस-ट्रम्प वाद थोडक्यात आटोपते. १० सप्टेंबर, फिलाडेल्फिया. ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावात स्थलांतरित लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात, हे ट्रम्प यांचं म्हणणं तिथल्या तिथे सूत्रधाराने खोडलं. पाहणाऱ्यांतल्या बहुसंख्यांनी हॅरिस यांना विजयी ठरवलं. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले. तेव्हा मामा, 'कोण जिंकलं' याची दोन उत्तरं असतात, आणि ती जुळतीलच असं नाही. (मी मत कुणाला दिलं ते इथे लिहिणार नाही. घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी अंदाज बांधू नयेत.)

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक आजी राहतात. १९६० मध्ये त्या १९ वर्षांच्या होत्या, आणि तेव्हा मताचं वय २१ असल्याने त्यांनी चारही वाद पाहिले पण मत देता आलं नाही. गेल्या उन्हाळ्यात टोमॅटोची रोपं द्यायला आल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, काय आठवतं? म्हणाल्या, किमॉय आणि मात्सू. चीनच्या किनाऱ्याला खेटून असलेली ही दोन ठिकाणं तैवानच्या ताब्यात आहेत. ती लढून राखायची की नाही यावर केनेडी आणि निक्सन यांनी दुसऱ्या-तिसऱ्या वादात एकमेकांची डोकी खाल्ली होती. निवडणूक संपली आणि तो विषयही संपला. वसतिगृहात महिनाभर आम्ही याच नावांनी एकमेकींना हाका मारायचो, मी मात्सू होते, असं आजी सांगत होत्या. मी म्हटलं, मग ती बेटं राखायची असं कोण म्हणत होतं? त्यांनी रोपं ओट्यावर ठेवली, थोडा विचार केला आणि मलाच विचारलं, "कोण बरं?"